सवलत दोनच अपत्यांना

"शालन, पावती दे."

भाऊजी दारात उभे होते. हातात प्लॅस्टिकची फाइल, डोक्यावर कानटोपी. जानेवारी लागला की माझ्या थोरल्या दिरांना आमची आठवण यायची. आम्ही काही लांब राहत नव्हतो. मिरजेतल्या त्याच घरात वरच्या मजल्यावर ते आणि खालच्या दोन खोल्यांत मी नि माझा श्रेयस. मधे एक जिना. पण श्रेयस तापानं फणफणला, गॅस संपला, छतातून पाणी गळलं, तेव्हा तो जिना त्यांना कधी उतरवला नाही. पावतीसाठी मात्र उड्या मारत यायचे.

"यंदा पावती नाही मिळायची, भाऊजी," मी म्हटलं.

"म्हणजे? पोराची फी भरली नाहीस?"

"भरली की. पण पावती माझ्याकडंच राहू दे. एप्रिलमध्ये शाळेतून दाखला काढायचाय."

"दाखला? कशाला?"

मग मी सांगितलं. तोवर मी मिरजेतच मुलींच्या एका वसतिगृहात हंगामी नोकरी करत होते. आता नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेनं मला वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून कायम घेतलं होतं. राहायला क्वार्टर, आवारातच शाळा. जूनपासून हजर व्हायचं होतं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मला महिनाअखेरीची धास्ती नसलेली नोकरी मिळाली होती. मी तर हरखून गेले होते.

भाऊजींनी हे सगळं ऐकलं, कानटोपी काढली आणि विचारलं, "मग पुढच्या वर्षी मी पुरावे काय देऊ?"

देवाशपथ सांगते, हाच त्यांचा पहिला प्रश्न होता. तू एकटी कशी राहशील, पोराचं कसं होईल, काही नाही. पुरावे काय देऊ!

आता हे पुरावे म्हणजे काय ते सांगायला हवं. माझे दीर वसंतराव वाळवेकर एका सरकारी महामंडळात मोठ्या खुर्चीवर होते. पगार चांगला, त्यामुळं कर कापला जायचा, आणि कर कापला जातो म्हणजे आपलं रक्त काढून नेतात असं त्यांना वाटायचं. पोरांच्या शाळा-कॉलेजच्या फीवर करात सूट मिळते, म्हणून जानेवारीत ऑफिसात फीच्या पावत्या द्यायच्या. त्याला म्हणायचं पुरावे. लोक संक्रांतीला तिळगूळ वाटतात, आमचे भाऊजी पावत्या गोळा करत हिंडायचे. देवळात दानपेटीपुढं उभे राहून पुजाऱ्याला विचारायचे, "ह्याची करमाफीची पावती मिळते का हो?" मिळत नाही म्हटलं की नुसता नमस्कार. आमच्या सासूबाई गेल्या, तेव्हा दहाव्याला आलेल्या पाहुण्याजवळ हा माणूस हळहळला होता की, आईच्या विम्याच्या हप्त्यावरची वजावट आता बंद होणार. पाहुण्याला वाटलं, दुःखानं माणसाचं डोकं फिरलंय. मला माहीत होतं, डोकं अगदी शाबूत आहे.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. ह्यांचं भरायचं.

माझे यजमान, विलास, मोटरसायकलच्या अपघातात गेले तेव्हा श्रेयस जेमतेम साडेतीन वर्षांचा. मी अंथरुणाला खिळलेली. त्या दिवसांत भाऊजी श्रेयसला हाताला धरून इंग्रजी शाळेत घेऊन गेले, पालक म्हणून स्वतःची सही केली आणि आले. गल्लीनं तोंडभरून कौतुक केलं. मीही हात जोडले. फीचे पैसे मात्र माझ्या हातातल्या बांगड्या मोडून मीच दिले, आणि पुढंही दर जूनला मीच भरत आले. फक्त जानेवारीत ते यायचे आणि म्हणायचे, "तुला कुठं कर बसतो? पावती तुझ्या काय कामाची? माझ्या तरी उपयोगी पडू दे." त्यात मला खोट दिसायची नाही. एका कागदानं घरात गोडी राहत असेल तर राहू दे, असा विचार. पण आयत्या बिळावरचा नागोबा नुसता बसून राहत नाही, तो फणाही काढतो.

"शालन," भाऊजी आता खुर्चीवर टेकले. "नोकरीला तू खुशाल जा. पोरगा इथंच राहील."

"म्हणजे?"

"म्हणजे वाळवेकरांचा एकुलता एक मुलगा आहे तो. मला दोन्ही पोरीच. वंशाला हाच एक. त्याला वसतिगृहात पोरींच्यात वाढवणार तू?"

"क्वार्टर आहे, भाऊजी. आणि आई आहे मी त्याची."

"आई असशील. पालक मी आहे. शाळेत जाऊन विचार. आणि सहा वर्षं फी कुणी भरली म्हणून कुणी विचारलं, तर पावत्या कुणाच्या कपाटात आहेत, तेही बघ."

एवढं बोलून वर म्हणाले, "चहा टाक जरा. साखर कमी."

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. तिथल्या क्लार्कनं रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, "पालक म्हणून साहेबांची सही आहे. दाखल्याच्या अर्जावर त्यांचीच सही लागेल. त्यांना घेऊन या, बाई."

"मी आई आहे."

"ते दिसतंय हो मला. पण उद्या साहेब येऊन माझ्या मानगुटीवर बसले तर?"

त्याचंही खरं होतं. मी घरी आले आणि उंबऱ्यावरच बसले. दाखला नाही तर पोरगा नाही, आणि पोरगा नाही तर मला ती नोकरी काय चाटायची होती? कोर्टात जायचं तर पैसा नाही. आणि कोर्टात दाखवू काय? पैसे मी रोखीनं भरलेले, मागच्या पावत्या सगळ्या वरच्या कपाटात. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पोर पोटचं असूनही हातचं जाईल अशी भीती.

भाऊजींनी मग रविवारी सकाळी बैठक लावली. घरातलं भांडण चार माणसांत मिटवायचं अशी आमच्याकडची रीत. चार माणसं कसली, भावकीतले तात्या एकटेच. वय ऐंशीच्या घरात, पण त्यांचा शब्द वाळवेकरांच्यात कुणी मोडायचा नाही. ते काठी टेकत जिना चढले आणि सोफ्याच्या मधोमध बसले. श्रेयसला मी मैदानावर पाठवून दिलं होतं.

"आणखी एकजण यायचेत," भाऊजी म्हणाले. अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर लग्नातल्या यजमानाची कळा. "आमच्या ऑफिसचे अकाउंटंट, तांबोळीसाहेब. बाहेरचा, तटस्थ माणूस असावा म्हटलं. पावत्या सगळ्या त्यांच्या हातूनच गेल्यात. मी काय बोलू? तेच सांगतील."

तुम्हाला सांगते, हुशार माणसाचा नाश असाच होतो. सहा वर्षं ज्या लबाडीत ऊठबस केली, ती त्यांना लबाडी वाटतच नव्हती. आपण पावत्या दिल्या एवढं त्यांच्या ध्यानात होतं. काय सांगून दिल्या, ते पार विसरले होते. नाहीतर कुणी आपल्या पायांनी जाऊन साक्षीदाराला घरी बोलावेल का?

तांबोळीसाहेब आले. साधा, हसतमुख माणूस. हातात पेढ्यांचा पुडा. आल्या आल्या विचारलं, "बाळ कुठंय?" खेळायला गेलाय म्हटल्यावर पुडा त्यांनी टीपॉयवर ठेवला. "त्याला द्या. आवडतात त्याला. मागच्या स्नेहसंमेलनात चार खाल्ले होते पठ्ठ्यानं."

आमच्या श्रेयसला भाऊजी ऑफिसच्या स्नेहसंमेलनाला न्यायचे, हे खरं होतं. काका नेतो म्हणून पोरगा खूश, पोरगा खूश म्हणून मी खूश. भाऊजींची थोरली, प्राजक्ता, पुण्यात इंजिनिअरिंगला होती. धाकटी तेजू, तेजश्री, आठवीत, नगरपालिकेच्या शाळेत. तिला कधी नेत नसत. तिला गाडी लागते, म्हणायचे.

माझी थोरली जाऊ, अक्का, स्वयंपाकघरात पोहे करत होती. अक्का म्हणजे नवऱ्यापुढं तोंडातून शब्द न काढणारी बाई. बावीस वर्षं तिनं संसार केला तो मानेनंच केला, वर-खाली नाहीतर डावी-उजवी.

तांबोळीसाहेबांचा फोन वाजला, ते बोलत बोलत बाहेर गच्चीत गेले. इकडं भाऊजींनी घसा खाकरला. "तात्या, विलास गेला तेव्हा ह्या पोराला कोण होतं? मी शाळेत घातला. सहा वर्षं फी भरली. एवढं करूनही मी कधी बोलून दाखवलं नाही."

"आत्ता दाखवलंस की," तात्या म्हणाले.

"तसं नव्हे. आज वेळ आली म्हणून. शालन म्हणते, पोराला नाशिकला नेते. मी म्हणतो, तू जा. पोराचं आयुष्य कशाला उधळतेस?"

"शालन, तुझं काय म्हणणं?"

"फी मी भरली, तात्या," मी म्हटलं. "एकूण एक पैसा माझा. पावत्या भाऊजी मागून न्यायचे. आणि फी कुणीही भरली असती, तरी पोरगा माझा आहे."

"पुरावा?" भाऊजींनी हात पसरले. त्यांच्या तोंडात हा शब्द पेढ्यासारखा घोळायचा. तेवढ्यात तांबोळीसाहेब फोन ठेवून आत आले. "तात्या, बोलायला काय लागतं? तांबोळीसाहेब, तुम्हीच सांगा. पावत्या दरवर्षी कोण देतं?"

"वाळवेकरसाहेब देतात," तांबोळीसाहेब मनापासून म्हणाले. "त्यात वादच नाही. अहो, पुरावे द्यायचं परिपत्रक निघायच्या आधी ह्यांची फाइल माझ्या टेबलावर असते. मुलीची कॉलेजची फी, तिच्या वसतिगृहाची पावती, मुलाची शाळेची फी. एक कागद इकडचा तिकडं नाही. आणि नुसते कागद नव्हेत. लेकरांवर माया किती! मागच्या खेपेला मुलगा संगीत खुर्चीत पहिला आला, तर साहेबांच्या डोळ्यांत पाणी. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, बाप असावा तर असा."

"बाप?" तात्यांनी कान पुढं केला.

"हो. एक मुलगी, एक मुलगा. चौकोनी कुटुंब. आम्ही ऑफिसात उदाहरण देतो."

भाऊजींच्या हातातला रुमाल थांबला.

नेमकी त्याच वेळी तेजू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तात्यांना कप दिला, मला दिला, मग तांबोळीसाहेबांपुढं वाकली. त्यांनी कप उचलला आणि मायेनं तिच्याकडं बघितलं.

"अरे वा. तू कुणाची गं बाळ? शेजारची का?"

तेजूनं बापाकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. अजूनही वेळ होती. 'ही माझी धाकटी', एवढे तीन शब्द. कुठल्याही बापाच्या तोंडून झोपेतसुद्धा निघतील. भाऊजींनी रुमालानं कपाळ पुसलं, खिडकीकडं बघितलं आणि म्हणाले, "हां... म्हणजे... घरातलीच आहे."

घरातलीच आहे! मांजराबद्दल माणूस ह्याहून बरं बोलतो.

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज बंद झाला. अक्का दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत होती आणि ते हात पुसून संपतच नव्हते.

"घरातलीच म्हणजे काय हो?" ती म्हणाली.

"तू आत जा. पोहे बघ."

"पोहे गेले खड्ड्यात. घरातलीच म्हणजे काय? धुणीभांडी करणारी का?" मग ती तांबोळीसाहेबांकडं वळली. "साहेब, ही तेजश्री वसंत वाळवेकर. आमची धाकटी मुलगी. तुम्ही ज्याला मुलगा म्हणताय तो ह्यांचा पुतण्या. माझ्या मेलेल्या दिराचा. ही त्याची आई, इथं बसलीय."

तांबोळीसाहेबांनी कप खाली ठेवला. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. चहा बशीत सांडला तेही त्यांना कळलं नाही.

"वाळवेकरसाहेब," ते हळूच म्हणाले, "पुतण्याच्या फीला सवलत नसते. ती फक्त स्वतःच्या मुलांची असते. तुम्ही लिहून दिलंय मला. सही आहे तुमची. नातं, मुलगा. दरवर्षी."

"अहो, ते एक..."

"मी अकाउंटंट आहे, साहेब. आता मला कळलंय. हे दुरुस्त करून, मागचा कर भरून टाका. नाहीतर मला वर कळवावं लागेल. माझी नोकरी जाईल हो."

वर कळवावं लागेल म्हटल्याबरोबर भाऊजींचा रंग असा उडाला की त्यांची कीव यावी. मला आली नाही. आतापर्यंत वंश वंश करून छाती पुढं काढणारा माणूस ताडकन उभा राहिला आणि दोन्ही हात हलवत म्हणाला, "मी कुठं म्हटलं माझा मुलगा म्हणून? तो विलासचा आहे. ह्या शालनचा आहे. विचारा तिला! फीसुद्धा तीच भरते. तिच्या पावत्या चुकून माझ्या फायलीत गेल्या असतील."

"सहा वर्षं चुकून?" तात्यांनी विचारलं.

"कामाच्या गडबडीत होतं, तात्या. माझ्यासारख्याच्या मागं किती व्याप असतात, तुम्हाला काय सांगू!"

"वसंता, खाली बस." तात्यांनी काठी आपटली. "आत्ता काय म्हणालास? पोरगा तिचा?"

"हो, तिचाच."

"फी तिनं भरली?"

भाऊजींनी तांबोळीसाहेबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. एका बाजूला पुतण्या, दुसऱ्या बाजूला प्राप्तिकर खातं. ह्या दोहोंत वाळवेकरांच्या वंशाचं वजन किती भरतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"तिनंच भरली," ते पुटपुटले.

"मग वाद कसला राहिला?" तात्या म्हणाले. "शालन, अर्ज आण. सही करेल तो."

मी अर्ज ब्लाउजमध्येच घडी करून ठेवला होता. काढला, टीपॉयवर पसरला. भाऊजींनी सही केली. नेहमी सहीखाली दोन रेघा ओढायचे, त्या दिवशी एकच ओढली. माझं पोर माझं झालं होतं, आणि तेही ज्यानं हिसकावलं त्याच्याच तोंडून. मला ओरडून श्रेयसला हाक मारावीशी वाटली. मी कागद उचलला आणि उठणार, तेवढ्यात अक्का बोलली.

"बस गं शालन. माझं राहिलंय."

कुणीच उठलं नाही. तेजू रिकामा ट्रे छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती.

"अहो," अक्का नवऱ्याला म्हणाली, "पुतण्याचं नाव लावलंत ते लावलंत. माझ्या पोरीचं का नाही लावलंत?"

"अगं, नियमच आहे तसा. सवलत दोनच अपत्यांना. तिसरं दाखवता येत नाही."

"तिसरं? तुम्हाला पोरं किती?"

"तसं नव्हे गं. तुला व्यवहार कळत नाही." भाऊजींना आता जरा बरं वाटलं. नियम समजावून सांगायला मिळाला की त्यांना नेहमीच बरं वाटायचं. तेवढ्यासाठी ते पुढं सरकून बसले. "हे बघ. प्राजूची फी मोठी, म्हणून ती एक. दुसऱ्या जागेला श्रेयस, कारण त्याची पावती आपल्याला फुकटात मिळते. आपला एक पैसा जात नाही आणि सूट पूर्ण. राहिली तेजू. दोन जागा भरल्यावर तिच्या फीवर सूट नाही. म्हणजे ती फी सगळी आपल्या अंगावर. मग ती भरण्यात काय अर्थ होता?"

बोलून झाल्यावर त्यांनी आमच्याकडं असं बघितलं की आम्ही मान डोलवावी.

अक्का हळूहळू खुर्चीवर बसली. तिच्या तोंडावरची एकेक रेघ बदलताना मी बघत होते.

"म्हणून तिला काढलीत तुम्ही," ती म्हणाली.

"काय?"

"इंग्रजी शाळेतून. पहिली झाल्यावर. ज्या वर्षी श्रेयसला घातलात, त्याच वर्षी. मला म्हणालात, बाईंनी बोलावून सांगितलंय, पोरगीला झेपत नाही, डोकं कमी आहे, उगा ताण देऊ नका. मी नवस बोलले होते तिच्या डोक्यासाठी. सहा वर्षं मी तिला बदाम भिजवून घालते. बाईंनी असं सांगितलं होतं का?"

भाऊजी फाइल चाळू लागले.

"सांगितलं होतं का?"

"आता इतकं कुठं आठवतंय..."

"किती वाचले?"

"अगं, तसा हिशोब..."

"तुम्हाला हिशोब येत नाही होय? किती वाचले ते सांगा."

"करात म्हणशील तर वर्षाला चौदाशे-पंधराशे," भाऊजी म्हणाले, आणि लगेच, "पण तिची फी वाचली ती वेगळी!"

ते त्यांनी भरीला सांगितलं! कमी वाटू नये म्हणून! तात्यांनी कपाळावर हात मारला. तांबोळीसाहेब मान खाली घालून उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि तेजूपुढं उभे राहिले. "बाळा, मला माफ कर," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले. ज्यानं माफी मागायची तो सोफ्यावर बसून फाइलची गाठ बांधत होता.

"वसंता," तात्या म्हणाले, "तुझ्या बापानं एका पगारात पाच पोरं शिकवली रे."

"तेव्हा कर कुठं एवढा होता, तात्या," भाऊजी म्हणाले.

बोलून उपयोग नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

अक्कानं तेजूला जवळ बोलावलं, तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि मला विचारलं, "शालन, तुझ्या त्या संस्थेच्या शाळेत मुलींना घेतात ना?"

"मुलींचीच मोठी शाळा आहे, अक्का. श्रेयसला बाजूच्या इमारतीत."

"मग हिलाही घेऊन जा. फीचं मी बघते. माझ्या दोन बांगड्या आहेत. त्या कुठल्या नियमात बसत नाहीत."

"अगं ए!" भाऊजी ओरडले. "डोकं फिरलं काय? तिची फी कुठं दाखवणार? आणि घरात काम कोण..."

"दुसरा अर्ज घेऊन येते मी उद्या शाळेतनं," अक्का म्हणाली. "त्याच्यावरही सही करायची. आणि नातं लिहायचं. मुलगी. माझ्यासमोर लिहायचं."

बावीस वर्षांत तिनं नवऱ्याला पहिल्यांदा काही करायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते केलं. मुकाट्यानं केलं. वर कळवायची धमकी अजून डोक्यावर होती, हेही एक कारण. माझा काही त्यांच्यावर विश्वास नाही.

त्या रविवारी मी खाली आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मागून तेजूनं हाक मारली. आठवीतली पोर, दोन वेण्या, फ्रॉकला चहाचा डाग. ती काही मागायला आलीय असं मला वाटलं. बापाबद्दल काही बोलेल, मुलगा नाही म्हणून रडेल, श्रेयसवर रागावेल, असंही वाटलं. तसलं काहीच तिच्या मनात नव्हतं. तिचे डोळे असे चमकत होते की मी घाबरले.

"काकू," ती म्हणाली, "बाईंनी सांगितलंच नव्हतं ना?"

"नाही गं. खोटं होतं ते सगळं."

"म्हणजे मी ढ नाहीय?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं, आणि मग पुन्हा, आणि दरवेळी मी मान हलवली. सहा वर्षं ही पोर परीक्षेत पहिल्या पाचांत यायची आणि आम्ही सगळे म्हणायचो, नगरपालिकेची शाळा आहे, तिथं काय, कुणीही येतं. तीही म्हणायची.

"प्राजूताईला फोन करून सांगू?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता वर पळाली.